मदत हवी आहे: कोथरूडचा जुना बंगला विकावा की डेव्हलपमेंटला द्यावा?

नमस्कार मंडळी, बाबांनी 1984 ला बांधलेला बंगला आहे, प्लॉट साडेचार गुंठे, समोर 9 मीटरचा रस्ता. आता आई एकटीच राहते, पावसाळ्यात जिन्यात बादल्या ठेवाव्या लागतात. एक गिऱ्हाईक नुसत्या जुन्या बांधकामाचा भाव सांगतंय, पण खरी किंमत जमिनीची आणि एफएसआयचीच (प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं त्याची) ना? बेसिक 1.1, वर रस्त्याच्या रुंदीप्रमाणे प्रीमियम (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) आणि टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क), मग तो हिशोब आधी आर्किटेक्टकडून लेखी घ्यावा का? प्रॉपर्टी कार्डावर अजून बाबांचंच नाव आहे, वारस नोंद आधी करावी लागेल ना? बिल्डर दोन फ्लॅट देतो म्हणतोय, पण आई 76 ची, तिला भाड्याच्या घरात किती वर्षं ठेवायचं? कोणी केलं असेल तर प्लीज सांगा.