सवयीचा प्रश्न नाही हा
ऑटिस्टिक (स्वमग्न) माणसं लग्नकार्यात, गर्दीत थकून जातात, त्यावर वर एकांनी लिहिलंय, ‘लोकांत मिसळलं की सवय होते.’ मला हे पटत नाही. माझा धाकटा भाऊ ऑटिस्टिक आहे, तिशीतला. लातूरकडच्या लग्नात डीजे, जनरेटर, चौफेर गप्पा आणि वर ‘कामून बोलंना गेलास रे?’ सगळं त्याच्यावर सारख्याच जोरानं आदळतं. नको ते मागं सारता येत नाही. त्यात समोरच्याकडं किती वेळ बघायचं, कधी हसायचं, हेही तो ठरवून करतो. दुसऱ्या दिवशी बोलायचंसुद्धा त्राण नसतं.

आणि कमतरता एकट्या त्याची नाही. स्वतः ऑटिस्टिक असलेले समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्येच मांडलंय की, न समजणं दोन्हीकडून असतं, ऑटिस्टिक माणसाकडून तसंच इतरांकडूनही. अक्षता पडल्या की आम्ही त्याला घरी जाऊ देतो. मावशी रुसतात, त्यांना मी समजावते.