कोल्हापूरच्या शाहू मिलचं रिंग खातं म्हणजे नेमकं काय?

राजारामपुरी_आठवी_गल्ली:
आईच्या ट्रंकेत आजोबांचा पितळी बिल्ला सापडला. नंबर आहे, नाव नाही. आजोबा शाहू मिलमध्ये रिंग खात्यात होते, एवढंच आईला माहीत. मला आठवते ती बंद मिलच, कोटितीर्थ तलावाकडून दिसणारी चिमणी आणि आत माजलेली झाडी. मिल केव्हाची, आणि रिंग खात्यात काय चालायचं? कुणाच्या घरी मिलमधलं कुणी असेल तर कृपया सांगा.

पेठेतला:
२७ सप्टेंबर १९०६ ला शाहू महाराजांनी सुरू केली. क्रम बघण्यासारखा आहे. मिरजेहून रेल्वे १८९१ ला आली, शाहूपुरीची पेठ १८९५ ला वसली, मग मिल. आधी वाट, मग बाजार, मग कारखाना. पुढं मिल राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडं गेली आणि २००३ ला बंद पडली. २०२२ ला महाराजांच्या स्मृतिशताब्दीला आत प्रदर्शन होतं, तेव्हा पोराला घेऊन गेलो होतो.

तिसरी_पाळी:
बाळ, मी रिंग खात्यातच होतो. बदलीवर, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी, लागलो, मग कायम झालो.

कापूस पिंजून, विंचरून त्याची जाड, सैल वात आमच्याकडं यायची. रिंगफ्रेमवर, म्हणजे सूत कातायच्या यंत्रावर, ती ताणायची, पीळ द्यायचा आणि फिरत्या चातीवरच्या, म्हणजे उभ्या सळईवरच्या, बॉबिनवर गुंडाळायची. बॉबिनभोवती लोखंडी कडं, त्यावर नखाएवढी तारेची कडी गरगर पळते. तिच्यातून सूत जातं म्हणून पीळ बसतो. कड्याला इंग्रजीत रिंग म्हणतात, त्यावरनं खात्याचं नाव. ४० नंबरचं सूत म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या ४० लड्या. हिशेब कर, किती लांब होतं ते!

यंत्र सूत काढतं, पण तुटलेलं सूत माणूसच जोडतो. हवा कोरडी झाली की सूत पटापट तुटतं, म्हणून खात्यात मुद्दाम दमट ठेवायचे. उन्हाळ्यात अंगातला सदरा पिळून काढावा लागायचा. तुटलं की एका हातानं चाती थांबवायची, बॉबिनवरचं टोक हुडकायचं, कडीतनं ओवायचं, रुळातनं येणाऱ्या वातीला चिमटीनं लावायचं आणि चाती सोडायची. डोळ्याचं पातं लवायच्या आत. चांगल्या माणसाचा सांधा हाताला लागत नसे. हे शिकायला मला वर्ष गेलं. घरी आलो की आई आधी डोक्यातला कापूस झाडायला लावायची, मगच ताट.

भोंग्यावर आख्ख्या गल्लीच्या चुली पेटायच्या. तो थांबल्यावर कितीतरी दिवस मला पहाटे आपोआप जाग यायची.

लोक भिंतीचे फोटो काढतात. फोटो काढा, पण कुठल्या भिंतीआड कुठलं खातं होतं हे आमच्याकडनं लिहून घ्या. सांगणारे थोडेच उरलोय. कोल्हापुरात आलास की ये, बोट दाखवून सांगतो.

राजारामपुरी_आठवी_गल्ली:
काका, चिमटीचं वाचलं आणि फोन खाली ठेवला. आजोबा शेवटच्या आजारपणातही अंगठा न् तर्जनी एकमेकांवर फिरवत पडलेले असायचे. आम्हाला वाटायचं, तंबाखूची सवय. आत्ता आईला फोन करून सांगितलं.

रविवारी सकाळी येतो. वही आणि बिल्ला घेऊन येतो.