मदत हवी आहे: थायरॉइडचा डोस दर रनला बदलतो

ऑरेंज_फोटॉन: एमएस्सीचा प्रोजेक्ट अडलाय. संगणकातल्या मानवी शरीराच्या मॉडेलवर (फँटम) फोटॉन सोडून प्रत्येक अवयवाला मिळणारा रेडिएशनचा डोस काढतोय. फँटममध्ये लिव्हर, फुप्फुसं नीट येतात, थायरॉइड मात्र दर रनला आठ-दहा टक्के वरखाली. सोमवारी गाईडला दाखवायचंय. काय चुकतंय?

बर्डीकर: कोड कोणता? सोर्स कोणता, किती दूर? फोटॉन किती सोडले? हे काहीच न सांगता कोण काय सांगणार बाप्पा!

ऑरेंज_फोटॉन: कोड जिआंट-4, फँटम आयसीआरपी 110 या आंतरराष्ट्रीय अहवालातला पुरुषाचा, सोर्स सीझियम-137. बाकी सगळं नेहमीचंच.

अणुरेणू: जिआंट सोड, एमसीएनपी हा दुसरा कोड घे. त्यातली डोस मोजायची एफ6 टॅली लाव, काम फत्ते.

बर्डीकर: त्याचं लायसन्स अमेरिकेतून मंजूर होऊन यावं लागतं. सोमवारपर्यंत येईल काय? काहून पोराला भलतीकडे पाठवून राहिले?

अणुरेणू: मुद्दा मोजायच्या पद्धतीचा आहे. एफ6 अवयवातून गेलेल्या प्रत्येक फोटॉनची वाट मोजतो, नुसत्या धडकलेल्यांची नाही. लहान अवयवात त्याचा फार फायदा होतो.

एक्सरे_टेक्निशियन: थायरॉइडला शिशाची कॉलर घालायची, डोस लगेच कमी. आमच्याकडे सक्तीच आहे.

बर्डीकर: दादा, त्याला डोस कमी नाही करायचा, मोजायचाय. आणि सीझियमच्या 662 केइव्ही ऊर्जेच्या फोटॉनांना अर्धा मिमी शिसं जेमतेम सहा टक्के अडवतं.

माधुरी_धरमपेठ: माझी थायरॉइडची गोळी सुरू आहे, सीटी काढला तर चालेल का?

बर्डीकर: ताई, ते डॉक्टरांना विचारा. ऑरेंज, अंतर आणि फोटॉन सांग ना.

ऑरेंज_फोटॉन: समोर छातीच्या उंचीवर, 1 मीटर. चारही दिशांना 1 कोटी.

बर्डीकर: मग चुकलं काहीच नाही. ग्रंथी 20 ग्रॅमची, समोरून फार तर 10 चौ. सेंमी. 1 मीटर त्रिज्येच्या गोलाचं क्षेत्रफळ सव्वा लाख चौ. सेंमी. म्हणजे 1 कोटीतले आठशेच तिच्या दिशेने जाणार. ऊतीत दर सेंटिमीटरला साडेआठ टक्के धडकतात, ग्रंथी दोनेक सेंमी जाड, म्हणून ढोबळ सव्वाशे धडका. अशा मोजणीत आकडा त्याच्या वर्गमुळाइतका वरखाली होतोच; सव्वाशेचं वर्गमूळ अकरा, म्हणजे चूक नऊ टक्के. तुझा आकडा तोच. लिव्हर 1.8 किलोचं, त्यात धडका खूप, म्हणून ते स्थिर दिसतं.

फोटॉन 45 अंश अर्धकोनाच्या शंकूतच सोड आणि संख्या 10 कोटी कर. शंकू नुसत्या गळ्यावर नको हं, छातीतून विखुरलेले फोटॉनही थायरॉइडला लागतात.

ऑरेंज_फोटॉन: केलं. थायरॉइड एका टक्क्यात आलं! पण प्रति फोटॉन डोस सगळ्याच अवयवांत सातपट झाला??

अणुरेणू: म्हणूनच म्हटलं होतं एमसीएनपी.

बर्डीकर: सगळ्या दिशांत शंकूचा वाटा 0.146 आहे. त्याने गुणलंस का?