सोलापूरचं ऊन आणि चाळिशीनंतरचा चेहरा: रोज सनस्क्रीन हवंच का?

माळढोक
माझं मत सरळ मांडते. पस्तिशीनंतर चेहऱ्यासाठी जे काही पैसे बाजूला काढता येतात, ते आधी सनस्क्रीनला जावेत. सीरम, नाईट क्रीम, फेशियल हे सगळं त्यानंतर.

कोलाजेन, म्हणजे त्वचा घट्ट ठेवणारं प्रथिन, विशी-पंचविशीपासून दरवर्षी साधारण एक टक्का कमी होत जातं. पाळी गेल्यावर पहिल्या काही वर्षांत तर झपाट्याने. ते वयाचं, त्याला इलाज नाही. पण काळे डाग, खरखरीतपणा, खोल सुरकुत्या यांत मोठा वाटा उन्हाचा असतो. ब्लाउजच्या बाहीखाली झाकलेला दंड आणि गाल आरशात शेजारी-शेजारी धरून बघा. वय दोन्हींचं एकच आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर असतोच, पण जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत नंदीध्वजांबरोबर दिवसभर चालणाऱ्यांचे चेहरेही रापतात.

ऑस्ट्रेलियात 900 वर माणसांवर साडेचार वर्षं अभ्यास झाला, तो 2013 साली छापून आला. अर्ध्यांना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, बाकीच्यांना वाटेल तेव्हा. हाताच्या पाठीच्या त्वचेचे ठसे घेऊन तुलना केली. रोज लावणाऱ्यांची त्वचा तेवढ्या काळात म्हातारी झाल्याचं दिसलं नाही.

कडकभाकरी
ताई, तो अभ्यास गोऱ्या लोकांचा. आपली कातडी येगळी हाय. माझी आई जन्मभर ज्वारीच्या रानात राबली, डोक्यावर पदर, तोंडाला कधीमधी खोबरेल. साठी उलटली तरी सुरकुत्या मोजक्याच. ओढणी बांधा, छत्री घ्या, अकरा ते चार बाहेर पडू नका, संपला विषय. चारशे-पाचशेची ट्यूब दर दीड महिन्याला कुणाला परवडते?

माळढोक
सुरकुत्या आपल्याला उशिरा येतात हे खरं, मेलानिनचा, म्हणजे त्वचेतल्या रंगद्रव्याचा, तो फायदा आहे. पण त्याच मेलानिनमुळे आपलं वय आधी डागांत दिसतं. गालांवरचं वांग, डोळ्यांच्या कडेचा काळेपणा, कपाळावरचा असमान रंग. वांगाला तर नुसता उजेडही चिडवतो, म्हणून वांग असलेल्यांसाठी रंग असलेलं, आयर्न ऑक्साइडचं सनस्क्रीन जास्त उपयोगी. ओढणी बांधाच, मी नको म्हणत नाही. पण पातळ पांढऱ्या सुती ओढणीतून बरीच किरणं आरपार जातात.

कडकभाकरी
मग जाड घ्या की! आपण यंत्रमागाच्या गावची माणसं, विणीची पारख आपल्याला शिकवायला नको. दाट विणीचा गडद स्कार्फ घामानं उतरत नाही, दर दोन तासांनी परत लावावा लागत नाही. सातरस्त्याच्या सिग्नलला बघा, स्कूटीवरच्या पोरी डोळे तेवढे उघडे ठेवून असतात. ही अक्कल त्यांना कुठल्या कंपनीनं दिली नाही.

होटगीरोड
कडकभाकरींचा स्कार्फचा मुद्दा मला पूर्ण मान्य. पण घरात, ऑफिसात, गाडीत कोण स्कार्फ बांधून बसतं? उन्हातली यूव्हीए (एक प्रकारची अतिनील) किरणं खिडकीच्या साध्या काचेतून आत येतात. ती भाजत नाहीत, म्हणून कळत नाही, पण त्वचेत खोलवर जातात. माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. उजवा गाल डाव्यापेक्षा काळा, आणि उजव्या डोळ्याच्या कडेला सुरकुत्यांचं जाळं. डावी बाजू दहा वर्षांनी तरुण वाटायची. 2012 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये 28 वर्षं ट्रक चालवलेल्या माणसाचा फोटो आला होता, त्यात हेच, फक्त डाव्या गालावर, कारण अमेरिकेत चालक डावीकडे बसतो.

घरकुल
मी कुंभारीच्या विडी घरकुलात राहते. इथल्या बायका उजेडासाठी दारात बसून विड्या वळतात, म्हणजे ऊन चेहऱ्यावर रोजचंच. हजार विड्यांच्या मजुरीतून रेशन, फी, दवाखाना भागवायचा, त्यात सनस्क्रीन कुठून आणायचं? माळढोकताई, तुमचं म्हणणं चुकीचं नाही, पण 'आधी सनस्क्रीन' म्हणताना ज्यांच्याकडे बाजूला काढायला काहीच नाही त्यांचा विचार दिसत नाही. त्यांना सांगायचं तर बसायची जागा बदला, पाठ दाराकडे करा, हे सांगा. फुकटात होणारं आधी सांगायला हवं.

माळढोक
पटलं. सावली आधी, मग कापड, मग ट्यूब, हा क्रम बरोबर. ज्यांना ट्यूब परवडते त्यांच्यासाठी माझा आग्रह कायम आहे. एसपीएफ (ट्यूबवरचा संरक्षणाचा आकडा) 30 किंवा जास्त, ट्यूबवर पीएची (यूव्हीएपासून संरक्षणाची) खूण असलेलं, आणि तर्जनी-मधल्या बोटावर दोन पूर्ण रेघा, चेहरा-मान मिळून. वाटाण्याएवढं लावून एसपीएफ 50 चा गुण मिळत नाही.

शेंगाचटणी
सीरम 'त्यानंतर' म्हणून ढकलू नका. ट्रेटिनॉइन हे रेटिनॉइड गटातलं (अ जीवनसत्त्वापासूनचं) औषध मुरुमांसाठी 1971 पासून वापरात आहे आणि बारीक सुरकुत्यांवर त्याचा परिणाम अनेकदा तपासून सिद्ध झालाय. सनस्क्रीन पुढचं नुकसान रोखतं, रेटिनॉइड झालेल्यातलं थोडं भरून काढतं. दोन्हींची कामं वेगळी. सुरुवात आठवड्यातून दोन रात्री, तेही डॉक्टरांना विचारून. गरोदर असाल किंवा होण्याचा विचार असेल तर हात लावू नका.

मेडिकलवाला
डॉक्टरांना विचारून, हे दहादा म्हणा. वांगावर स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असं तिहेरी मलम काही आठवड्यांपुरतं देतात. लोक रिकामी ट्यूब घेऊन काउंटरवर येतात, 'हेच द्या, शेजारणीला गोरी केलं.' वर्षभर लावलं की कातडी पातळ, लाल, शिरा दिसायला लागतात, ओठांवर लव वाढते. बंद केलं की आग होते, म्हणून पुन्हा तेच. 2018 मध्ये स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत असा नियम कडक झाला, तरी मागणारे थांबलेले नाहीत. मी परत पाठवतो, भांडणं होतात. आणि नाव-पत्ता नसलेली गोरेपणाची डबी तर घेऊच नका, त्यांत पारा सापडलाय, तो मूत्रपिंडं खराब करतो.

कडकभाकरी
म्हणूनच म्हणतो, साय, डाळीचं पीठ, हळद बरी. निदान मूत्रपिंड तरी जात नाही.

माळढोक
साय चालेल. डाळीच्या पिठाने चाळिशीनंतरची कोरडी कातडी रोज घासू नका, आणि लिंबू लावून उन्हात तर अजिबात जाऊ नका, फोड येऊन महिनोन्‌महिने डाग राहतात. जुळे सोलापुरात आमच्याकडे बोअरचं पाणी इतकं जड आहे की साबणाचा थर तोंडावर तसाच बसतो. साबण सोडून सौम्य फेसवॉश आणि ओल्या चेहऱ्यावर लगेच साधं मॉइश्चरायझर, एवढ्यानेच ओढल्यासारखं वाटणं गेलं.

कडकभाकरी
मॉइश्चरायझरचं मान्य, थंडीत आम्हीबी लावतो. ट्यूबेचं अजून नाही. पण आईला आता मोतीबिंदूचं सांगितलंय डॉक्टरांनी, उन्हाचाही त्यात हात असतो म्हणाले. गॉगल तेवढा घेतो तिच्यासाठी. नव्या पेठेत यूव्हीचा खरा गॉगल कुठं मिळतो, ते सांगा कुणीतरी.

होटगीरोड
रस्त्यावरचा घेऊ नका. नुसती काळी काच बाहुली मोठी करते आणि किरणं जास्त आत जातात. चष्म्याच्या दुकानात जाऊन 'यूव्ही 400' (अतिनील किरणं अडवणारा) विचारा, त्यांच्याकडे मशीन असेल तर समोर तपासून घ्या.