प्रतिसाद: २०-२२ मिनिटांचा इराणी सिनेमा

वर कुणीतरी म्हटलंय की असले जगभरातले वेगळ्या वाटेचे सिनेमे म्हणजे दोन-अडीच तास पेशन्सची परीक्षा. मला हे अजिबात पटत नाही. 'द हाऊस इज ब्लॅक' बघा, इराण, १९६३, जेमतेम २०-२२ मिनिटांचा माहितीपट आहे. फरूग फरोखजाद ही फारसीतली फार मोठी कवयित्री, तिने दिग्दर्शित केलेला हा एकच सिनेमा कारण १९६७ मध्ये वयाच्या ३२व्या वर्षी ती अपघातात गेली. इराणमधल्या तबरीझ शहराजवळच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत शूट केलाय. एक पुरुषी आवाज रोगाची, उपचारांची कोरडी माहिती देतो आणि दुसरीकडे फरूग स्वतः बायबल, कुराण आणि आपल्या कवितेच्या ओळी वाचते, आणि कॅमेरा त्या चेहऱ्यांवरून नजर हटवत नाही पण दयाही दाखवत नाही, खेळणारी मुलं, लग्न, केस विंचरणं सगळं तसंच समोर ठेवतो. वर्गातला एक सीन आहे, मास्तर विचारतात सुंदर गोष्टी सांग, मुलगा म्हणतो चंद्र, सूर्य, फुलं, खेळ. मग कुरूप गोष्टी विचारल्यावर, हात, पाय, डोकं, आणि सगळा वर्ग हसतो. हे बघून गप्प व्हायला होतं राव! आणि शूटिंग संपल्यावर तिने तिथला एक मुलगा दत्तक घेतला.

ज्यांना वेग हवाय त्यांनी सेनेगलचा 'तूकी बूकी' (१९७३) लावा. राजधानी डाकारमधलं एक जोडपं, पॅरिसला पळायचं स्वप्न, हँडलला शिंगं लावलेली मोटरसायकल आणि एडिटिंग असलं भन्नाट की आजही नवं वाटतं. रिस्टोअर केलेली कॉपी मिळाली तर तीच बघा.