दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू लोकांचा राजा म्पांडे जिवंत असताना पोरं का भांडली?

प्रश्न: म्पांडे गादीवर होता ना, मग १८५६ ला त्याची पोरं सेत्श्वायो आणि म्बुयाझी एकमेकांवर का उठले?

उत्तर १: बापाचा जीव म्बुयाझीवर, पण सरदार आणि तरुण पोरं जास्त सेत्श्वायोकडे. वारस वेळेत ठरवला नाही, माझ्या मते सगळी चूक म्पांडेचीच.

उत्तर २: २ डिसेंबरची लढाई फार वाईट झाली हो. म्बुयाझीची माणसं बायकापोरं, गुरंढोरं घेऊन इंग्रजांच्या नाताल वसाहतीकडे निघालेली, समोर तुगेला नदी दुथडी भरून, पलीकडे जाता येईना आणि मागून सेत्श्वायोची फौज. हजारो गेले, म्बुयाझीपण गेला. त्या लेकरांचं काय चुकलं होतं?

उत्तर ३: जॉन डन हा गोरा शिकारी-व्यापारी म्बुयाझीकडून लढला, नंतर तोच सेत्श्वायोचा सल्लागार! म्पांडे १८७२ पर्यंत नावालाच राजा राहिला.