ठाण्याहून गाडीने कच्छ: रण आणि मंदिरांच्या फोटोंसाठी सल्ला हवा

कोपरीकर
जानेवारीत ठाण्याहून गाडी काढून कच्छला जायचं ठरतंय. मी, बायको आणि आई. धोरडोचं पांढरं रण, काळो डुंगर, वाटेत मोढेरा-पाटण. जमलं तर तिथूनच जैसलमेर? आईला काळ्या डुंगरावरच्या दत्ताचं दर्शन घ्यायचंय, मला रणातले फोटो काढायचेत. साधा डीएसएलआर आहे, १८-५५ची लेन्स. कसं आखू?

खारघर_टेकडी
जैसलमेर या खेपेला सोडा, आईंचे हाल होतील. ते वेगळ्या सुट्टीत करा.

फोटोंसाठी जाताय, तर ऊन कुठून येतं ते बघून दिवस आखा. मोढेऱ्याचं सूर्यमंदिर पूर्वाभिमुख आहे आणि समोर कुंड. सकाळी कुंडाच्या पूर्व काठावर उभे राहा, सूर्य तुमच्या पाठीशी असेल आणि सभामंडपाच्या खांबांवर तिरपं ऊन पडेल. दुपारनंतर हीच बाजू सावलीत जाते. म्हणून पहिला मुक्काम मेहसाण्याला करा आणि दार उघडताच मोढेऱ्यात शिरा. तिथून पाटण साधारण ३५ किमी. तिथली राणी की वाव (पायऱ्यांची विहीर) जमिनीत खोल उतरते, ऊन वर चढल्याशिवाय तळाकडची शिल्पं उजळत नाहीत. मोढेरा मंदिर सोळंकी राजा पहिल्या भीमदेवाच्या काळातलं, आणि वाव त्याच्या स्मरणार्थ राणी उदयमतीने बांधली असं मानतात. एकाच दिवशी दोन्ही बघायला मिळणं हे भाग्य आहे, घाई करू नका. वावेतला शेषशायी विष्णू चुकवू नका.

बेलापूरची
दादा, रणाचं मीठ बघून कॅमेरा फसतो. एवढा पांढरा रंग त्याला 'जास्त उजेड' वाटतो आणि फोटो करडा येतो. एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) +१च्या आसपास ठेवा, हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) बघत राहा, रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या मूळ, न दाबलेल्या फाइलमध्ये) काढा. गच्चीवर उन्हात पांढरी चादर पसरून आधी सराव करा. मंदिरांच्या सरावासाठी लांब कशाला, अंबरनाथचं शिवमंदिर आहेच की! शके ९८२चा, म्हणजे इ.स. १०६०चा शिलालेख तिथे आहे. काळ्या पाषाणावर उलटं होतं, तिथे वजाकडे जावं लागतं. या दोन टोकांचा हात बसला की मधलं सगळं सोपं.

कुठल्याही गाभाऱ्यात आधी विचारा, नाही म्हटलं तर कॅमेरा पिशवीत. ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये वेगळी परवानगी लागते.

कोपरीकर
फारच उपयोगी! धोरडोला संध्याकाळ आणि डुंगरावर सकाळ, असं करू का?

ऐरोली_खाडी
अगदी तसंच करा. डुंगर ४६२ मीटरचा, कच्छमधली सर्वांत उंच जागा. वरून रण उत्तरेला दिसतं आणि हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून फिरतो, त्यामुळे तो समोरून डोळ्यांवर येत नाही. आईंना दुपारच्या आरतीपर्यंत थांबू द्या. आरतीनंतर कोल्ह्यांना प्रसाद ठेवायची जुनी प्रथा आहे. भुकेल्या कोल्ह्यांना दत्तगुरूंनी आपलं अंग देऊ केलं, अशी कथा तिथे सांगतात.

धोरडोला शक्यतो पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी पोचा. पौर्णिमेला चंद्र साधारण सूर्यास्तालाच उगवतो. आदल्या दिवशी तो थोडा आधी वर येतो, तेव्हा मिठावर अजून उजेड असतो आणि चंद्र व जमीन दोन्ही एका फोटोत नीट येतात. मग अंधार पडला की ट्रायपॉड लावा, १८ मिमी, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १६००, शटर दहा सेकंदांपासून सुरुवात करा. रणात जायला परवाना लागतो, सगळ्यांची ओळखपत्रं जवळ ठेवा. सीमा जवळ आहे, ड्रोन घरीच राहू द्या.

एक दिवस हाताशी असेल तर खावड्याहून धोळावीरेचा (हडप्पाकालीन शहराचे अवशेष) रस्ता घ्या, दोन्ही बाजूंना पांढरं रण. धोळावीरा २०२१पासून जागतिक वारसा यादीत आहे.

खारघर_टेकडी
घोडबंदर रोड पहाटे चारच्या आत ओलांडा, पुढे ट्रक अडकले की सकाळ तिथेच जाते. आणि रणातून परतल्यावर ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याने धुवा, मीठ सांध्यांत बसतं.